वाघाला सोळा रंग पुरतात

लोहारा, जि. यवतमाळ

चि. बेटा,


तुझी सॉफ्टवेअरची यादी मिळाली. माया, झेडब्रश, फोटोशॉप, सबस्टन्स पेंटर, युनिटी, आणि खाली एक ओळ : हे सगळं असल्याशिवाय गेम डिझायनर होता येत नाही म्हणतात. कोण म्हणतं ते तू लिहिलं नाहीस. ज्याला क्लासची फी हवी आहे तोच म्हणत असावा, असा माझा अंदाज. तुझ्या आईने काल फोनवर विचारलं, "दादा, पोट्टी म्हणते ते खरं काय? कर्ज काढावं लागंल काय?" तिला सांगितलं, एक रुपया काढू नको, आधी मी पत्र लिहितो.

यादीतलं बहुतेक सामान आजकाल भाड्यानेच चालतं. फोटोशॉपची नवी आवृत्ती एकदाच पैसे मोजून घ्यायची सोय अडोबीने २०१३ पासून बंद केली. तेव्हापासून महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं. मायाचं वर्षाचं भाडं अमेरिकेत दीड हजार डॉलरच्या वर आहे. तुझा सेकंड हॅन्ड लॅपटॉप केवढ्याला घेतला ते तुला माहीत आहे, हिशेब तूच कर. विद्यार्थ्यांना माया तिची कंपनी ऑटोडेस्क फुकट देते हे खरं. कॉलेजात नाव आहे हे दाखवायचं, दरवर्षी परवाना नव्याने घ्यायचा. पण त्या परवान्यावर केलेलं काम विकता येत नाही, आणि कॉलेज संपलं की परवानाही संपतो.

भाड्याच्या गोष्टीवर मी अडून बसतो त्याला कारण आहे. यवतमाळात इतकी वर्षं डीटीपीचं दुकान चालवलं. लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांची प्रगतिपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. मराठी फॉन्ट त्या काळी कुलुपावर चालायचे. प्रिंटरच्या पोर्टमध्ये एक ठोकळा खोचायचा, तो असेल तरच अक्षर उमटायचं. पुढे ते पोर्ट संगणकातूनच गेलं, पानं लावायचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना. एका गावच्या मंडळाला त्यांची जुनी स्मरणिका पुन्हा छापायची होती. फाईल माझ्याकडे जपून ठेवलेली, सीडीही शाबूत. उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के आणि कंस. सगळा मजकूर नव्याने टाईप करावा लागला. तेव्हापासून कोणी स्वस्त सॉफ्टवेअर दाखवलं की मी आधी एकच विचारतो : उद्या पैसे भरायचं थांबवलं, किंवा कंपनीने धंदा आवरला, तर माझी फाईल मला उघडता येईल का? किंमत त्यानंतर. तू आत्ता एकोणीस वर्षांची आहेस. आज केलेलं काम तुला तिसाव्या वर्षीही लागेल.

तुझा तो मित्र पेनड्राईव्हमधून "क्रॅक मारून देतो" म्हणतो, त्याला प्रेमाने नाही म्हण. आमच्या धंद्यात आजूबाजूला सर्रास तेच चालायचं, त्यामुळे उपदेश म्हणून सांगत नाही. पण क्रॅक टाकताना पहिली सूचना काय असते? अँटीव्हायरस बंद करा. ज्या लॅपटॉपवर तुझ्या आईच्या खात्याचं बँकिंग चालतं, कॉलेजच्या फॉर्मची कागदपत्रं आहेत, त्याचं दार स्वतःच्या हाताने उघडं टाकायचं. आणि उद्या गेम विकायला काढलास, कोणी विचारलं की हे कशात केलं, तर उत्तर देताना आवाज खाली करावा लागेल.

आता ज्याने सुरुवात करायची ते सांगतो. ब्लेंडर. मॉडेलिंग, शिल्पकाम, हाडं घालणं, हालचाल, रंगकाम, सगळं एकाच ठिकाणी आणि पूर्ण फुकट. फुकट म्हटलं की आपल्याकडे शंका येते, म्हणून त्याची गोष्ट ऐक. टोन रोझेंडाल नावाच्या डच माणसाने आपल्या स्टुडिओसाठी १९९४ पासून ते लिहायला घेतलं. पुढे कंपनी काढली, ती २००२ मध्ये बुडाली. सॉफ्टवेअरचे हक्क गुंतवणूकदारांकडे अडकले, आणि त्यांनी सोडवायची किंमत सांगितली एक लाख युरो. रोझेंडालने लोकांपुढे झोळी पसरली. सात आठवड्यांत रक्कम जमली आणि १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडरचा सगळा कोड खुला झाला. आपल्याकडे गावात शाळेची खोली जशी लोकवर्गणीतून उभी राहते तसंच हे. वर्गणीतून सुटलेली वस्तू आता कोणी एकटा कुलूप लावून ठेवू शकत नाही. ही अट जीपीएल नावाच्या परवान्याची, आणि ती ब्लेंडर या प्रोग्रामलाच आहे. त्यात तू बनवलेलं मॉडेल, चित्र, फिल्म सगळं तुझं, हवं तर विक.

फुकटातलं म्हणजे कच्चं, असं कोणी म्हणालं तर 'फ्लो'चं नाव सांग. लाटव्हिया या छोट्या देशातल्या गिंट्स झिल्बालोदिसचा चित्रपट. पुरात सापडलेलं एक मांजर, संवाद एकही नाही. संपूर्ण ब्लेंडरमध्ये केलेला. मार्च २०२५ मध्ये त्याने मोठमोठ्या स्टुडिओंना मागे टाकून ॲनिमेशनपटाचं ऑस्कर नेलं.

तुझ्या यंत्राचं बघू. आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ब्लेंडरला ४.० पासून ओपनजीएल ४.३ चालवणारं यंत्र लागतं. सुरू करताना तशी तक्रार आली तर घाबरू नको, ३.६ उतरव. जुन्या सगळ्या आवृत्त्या त्यांच्याच साईटवर ठेवलेल्या आहेत, आणि तुझ्या कामाला ३.६ कितीही पुरते. उतरवायला तीन-चारशे एमबी, म्हणजे मोबाईलच्या एका दिवसाच्या डेटात भागतं. याउलट अनरीअल हे गेम जुळवायचं इंजिन उतरवायला बसलीस तर दहा-वीस जीबी सहज लागतील, आणि उतरल्यावर तुझा लॅपटॉप धाप टाकेल. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना यूट्यूबवर कोण काय वापरतं ते बघू नको. आपल्या टेबलावर काय आहे ते बघ.

आता तुझा वाघ. तुझ्या गेमची कल्पना मला फार आवडली हे आधीच लिहायला हवं होतं. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तो वाघ, कॉलर लावलेला, लोकांनी ज्याला वॉकर नाव दिलं. जून २०१९ मध्ये पांढरकवड्याकडून निघाला, तेलंगणात डोकावला, पैनगंगेच्या जंगलातून पुढे जात डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेवढ्यातच १,३०० किलोमीटरच्या वर चाल झाली होती. दिवसा शेतात, नाल्यात दडायचं, रात्री चालायचं. तुझ्या गेममध्ये बंदूक नाही, गुण मिळवायला मारामारी नाही. रस्ता ओलांडायचा, कुत्र्यांना चुकवायचं, पहाट व्हायच्या आत आडोसा शोधायचा. पऱ्हाटीचं शेत कोणत्या महिन्यात वाघ लपण्याइतकं उंच होतं, हे पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतल्या कोणाला विचारून कळेल? तुला ते घरबसल्या माहीत आहे.

पण वाघ म्हणजे चार पायांचा प्राणी, आणि नवशिक्याची दमछाक करतो तो तिथेच. दोन गोष्टी सोप्या करून घे. पहिली, हाडांचा सांगाडा स्वतः रचत बसू नको. ब्लेंडरमध्ये रिगिफाय नावाचं ॲड-ऑन सोबतच येतं, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन चालू करायचं. त्यात तयार सांगाडे आहेत, माणसाचा, घोड्याचा, आणि मांजराचासुद्धा. मांजर घे, खांदे रुंद कर, मान जाड कर, शेपूट लांबव. दुसरी, त्रिकोण मोजून वापर. मोबाईलवर दिसणाऱ्या वाघाला हजार-दीड हजार त्रिकोण भरपूर झाले. ते खर्च करायचे कुठे? जिथे वाकतं तिथे : खांदा, कोपर, मांडीचा सांधा. पाठ सपाट राहिली तर कोणी बघत नाही, पण सांध्याला कडांचे पुरेसे वळसे नसतील तर चालताना पाय पाइपासारखा दुमडतो. हे ज्ञान मायाचंही नाही आणि ब्लेंडरचंही नाही. एकदा हाताला बसलं की कुठेही चालतं.

मग रंग. इथे यूव्ही नावाचं प्रकरण येतं आणि पुष्कळ मुलं इथेच सोडून देतात. आपल्या एमआयडीसीत डेनिमचं कापड विणलं जातं. ते कापड सपाट असतं आणि माणसाचे पाय गोल. शिंपी शिवण कुठे घ्यायची ते ठरवून सपाट तुकडे कापतो. यूव्ही म्हणजे तीच कापणी उलट्या बाजूने : अंगावरची जीन्स शिवणीवर उसवून टेबलावर सपाट पसरायची, म्हणजे तिच्यावर चित्र काढता येईल. शिवण दिसणार नाही अशा जागी घे, पोटाखालून, पायांच्या आतून.

पण तुझ्या पहिल्या वाघासाठी तेवढंही नको. एक इवलंसं चित्र कर, त्यात रंगांचे सोळा चौकोन. केशरीच्या तीन छटा, काळा, पांढरा, तपकिरी, रात्रीचा निळा, पऱ्हाटीचा हिरवा. मग मॉडेलचा प्रत्येक पृष्ठभाग यूव्हीमध्ये त्याच्या त्याच्या चौकोनावर नेऊन ठेव. वाघ, बैलगाडी, तुरीचं शेत, विजेचा खांब, सगळ्यांना तेच एक चित्र. लॅपटॉपवर भार नाही, आणि गेमला आपोआप एक रूप येतं. सबस्टन्स पेंटरचं भाडं यात वाचलं. पट्टे मात्र या पद्धतीत जाड आणि ठोकळेबाज येतात हे आधीच सांगून ठेवतो. मला ते चालतील, तुला कदाचित चालणार नाहीत. तेव्हा ब्लेंडरमध्येच टेक्स्चर पेंट आहे, थेट अंगावर ब्रश फिरवता येतो. झेडब्रशचंही तसंच, ब्लेंडरचं शिल्पकाम तुझ्या कामाला पुरून उरतं.

सपाट चित्रांसाठी फार लिहीत नाही. हाताने रंगवायचं असेल तर क्रिता, फोटोत फेरफार करायचे असतील तर जिंप, बटणं, चिन्हं आणि नकाशा यांच्यासाठी इंकस्केप. तिन्ही फुकट, तिन्ही खुले. पिक्सेलचं काम आवडलं तर असेप्राइट आहे, थोडे पैसे पडतात पण एकदाच, आणि कोड स्वतः बांधून घेतलास तर तेही नाहीत. पेन टॅबलेटची गरज मॉडेलिंगला नाही. माउस हवा, तीन बटणांचा, लॅपटॉपच्या टचपॅडवर ब्लेंडर शिकायचं म्हणजे शिक्षा आहे.

गेम जुळवायचं इंजिन म्हणून तू युनिटी लिहिलं आहेस. वाईट नाही, छोट्या कमाईपर्यंत फुकटही आहे. पण सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने जाहीर केलं की एका मर्यादेपुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितक्या वेळा शुल्क घेऊ. जगभरचे गेम बनवणारे खवळले, महिन्याभरात कंपनीचा प्रमुख पायउतार झाला, आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते शुल्क रद्द केलं. रद्द झालं हे चांगलंच. पण ज्यांचे गेम अर्धे झाले होते त्यांनी ते वर्ष कसं काढलं असेल? माझ्या कुलपाच्या ठोकळ्याची आठवण झाली.

तुझ्यासाठी मी गोडो सुचवतो. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्सूर या दोघांचं काम, २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुलं केलेलं. ना भाडं, ना कमाईत वाटा. त्यांच्या परवान्याचा मजकूर गेममध्ये कुठेतरी द्यायचा, झालं. डाउनलोड दीडशे एमबीच्या आत, इन्स्टॉलही करावं लागत नाही, पेनड्राईव्हवरून चालतं. नवा प्रकल्प उघडताना कंपॅटिबिलिटी हा रेंडरर निवड, तुझ्या यंत्राला तोच झेपेल. ब्लेंडरमधून जीएलटीएफ स्वरूपात वाघ बाहेर काढायचा आणि इथे आणायचा.

गोडोचा कैवार घ्यायला माझ्याजवळ आणखी एक कारण आहे, डीटीपीवाल्याचं. तुझा गेम मराठीत असायला हवा. मराठी अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही, वेलांटी मागे जाते, जोडाक्षर बांधावं लागतं, रफार डोक्यावर चढतो. युनिटीची नेहमीची मजकूर व्यवस्था हे जुळवणं स्वतःहून करत नाही, वेगळी खटपट करावी लागते. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे मार्च २०२३ पासून, ते आतच बसवलेलं आहे. कोणतंही इंजिन घेतलंस तरी पहिल्या दिवशी 'टिपेश्वर' आणि 'ज्ञानगंगा' हे दोन शब्द पडद्यावर उमटवून बघ. वेलांटी, श्व, ज्ञ नीट आले तर पुढे जा. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू घे, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, गेममध्ये घालून वाटायला हरकत नाही. फ्लेक्सच्या दुकानातला एखादा जुना फॉन्ट उचलून मात्र घालू नको. तो युनिकोड नसेल तर पुन्हा तेच डॉलर आणि टक्के.

शिकायचं कुठून? आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा आणि उरलेल्या अर्ध्यात आपण तसंच करत जायचं. शिक्षकाशिवाय, इंटरनेट अडखळत असताना शिकणाऱ्याला धरूनच ते रचलेत, उतरवून ठेवता येतात. जिंप आणि इंकस्केपचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. ब्लेंडरचेही धडे आहेत, पण जुन्या आवृत्तीवरचे. २०१९ मध्ये ब्लेंडरचा सगळा चेहरामोहरा बदलला, त्यामुळे बटणं सापडणार नाहीत. ब्लेंडरसाठी नवे इंग्रजी व्हिडिओच बघ, तुझं इंग्रजी तेवढं आहे.

एक विनंती. वाघाच्या आधी अष्टाचंगा कर. हसू नको. पाच बाय पाचचा पट, फुल्यांची घरं, चार कवड्या. पट इंकस्केपमध्ये काढ, कवडी ब्लेंडरमध्ये घडव, खेळ गोडोत जुळव. तिन्ही हत्यारं एकदा हाताखालून जातील आणि गेम पूर्णही होईल. शिवाय डिझाइन म्हणून तो खेळ किती तयारीचा आहे बघ. कवडी उताणी किंवा पालथी पडायची संधी सारखी धरली तर दोनाचं दान सोळात सहा वेळा, एक आणि तीन प्रत्येकी चार वेळा, आणि चंग (चार) व अष्टा (आठ) सोळात केवळ एकेकदा. दुर्मीळ दान मोठं, वर त्यालाच पुन्हा टाकायची संधी. म्हणून मागे पडलेल्या खेळाडूची आशा शेवटपर्यंत टिकते. तुझी आजी घासलेले चिंचोके टाकायची, त्यांची एक बाजू जड असायची, म्हणून तिला अष्टा जास्त पडायचा असं आम्ही सगळे म्हणायचो. चिंचोके शंभरदा टाकून नोंद कर आणि तेच आकडे गेममध्ये घाल. गेम डिझायनरचं काम ते हेच, मॉडेलिंग नंतर.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर म्हणशील मामा एकतर्फी बोलतो. पुण्यात यूबीसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, इतरही आहेत, आणि मोठ्या स्टुडिओत मॉडेलरची नोकरी हवी असेल तर माया ठाऊक असणं उपयोगाचं आहे. तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी परवाना घे, तीनचार महिने माया शिक. वळसे, यूव्ही, सांधे आधीच हातात असतील, फक्त बटणं बदलतील. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला, तो अनरीअलमध्ये केलेला. पहाडी चित्रशैलीचं रूप आणि गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. त्यांची किकस्टार्टरवरची वर्गणी पुरी झाली नव्हती, तरी गेम पूर्ण केला, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्याच कामासाठीच्या गटात नामांकन मिळालं. अनरीअलही शिकायला फुकट आहे, कमाई दहा लाख डॉलरच्या पुढे गेली तर पाच टक्के वाटा. ती वेळ तुझ्यावर आली तर पैसे भरायला मी स्वतः येतो.

राज्य सरकारनेही सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन-गेमिंगचं धोरण मंजूर केलं, मुंबईत नवी संस्था निघाली. बातम्या मी कापून ठेवतो. त्यातलं आपल्या दारव्हा रोडपर्यंत काय पोचतं ते बघू, तोवर तू थांबू नको.

खर्चाचा हिशेब आईला वाचून दाखव. ब्लेंडर, गोडो, क्रिता, जिंप, इंकस्केप, शून्य. झाडं, दगड, आवाज हवे असतील तर केनी आणि पॉली हेवन या दोन ठिकाणी सीसी-झिरो, म्हणजे कोणीही कसंही वापरावं अशा परवान्याचं सामान मिळतं, तेही शून्य. कुठून काय घेतलं याची एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेव. अष्टाचंगा झाला की इच डॉट आयओ या साईटवर फुकट टाक. प्ले स्टोअरवर टाकायचा तर एकदाच पंचवीस डॉलर, ते मी देईन. स्टीमवर दर गेममागे शंभर डॉलर आहेत, तो विचार वाघाच्या वेळी. माउस या आठवड्यात घे, चांगला घे.

दिवाळीला येशील तेव्हा ३२ जीबीचा रिकामा पेनड्राईव्ह आण. मी सगळं उतरवून ठेवतो, जिंपचे मराठी धडेसुद्धा. आणि येताना कवडीची ब्लेंड फाईल घेऊन ये, अर्धवट असली तरी. तिच्या पोटाकडच्या दातऱ्या कशा करशील याचा मी विचार करतोय, मला अजून जमलेलं नाही.

तुझा,
मामा